घोडबंदर रोडवरचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ : एका ओळखीची उलटतपासणी

फोटो माझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्याखाली नाव आधीच लिहिलेलं होतं : ‘ओटोमॉप्स? ठाण्यात?’ ओटोमॉप्स म्हणजे मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांतलं, जगात मोजक्याच ठिकाणी सापडलेलं एक वटवाघूळ. दुपारपर्यंत तीन-चार ग्रुप फिरून तोच फोटो पुन्हा आला, तेव्हा दोन्ही प्रश्नचिन्हं गळून पडली होती आणि ‘अतिदुर्मिळ’ हा शब्द येऊन चिकटला होता. प्राणी मात्र तोवर बुटांच्या खोक्यात सुती फडक्याला लटकून झोपला होता. त्याला अजून कोणी पट्टीही लावलेली नव्हती.

शेवटी जी जात निघाली ती बातमी करण्यासारखी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तरी हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. दुर्मिळ नाव कशाच्या जोरावर पुढे आलं आणि नेमकं कुठल्या पायरीवर गळालं, हे शहरात वटवाघळं बघणाऱ्यांना पुन्हा पुन्हा लागणार आहे. आणि ओळख पटल्यावर सोसायटीत जे झालं ते तर ओळखीपेक्षाही महत्त्वाचं वाटलं.

जाळीत काय सापडलं

घोडबंदर रोडवरची, येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेली उंच इमारत, त्यातला वरचा मजला. जूनचा पहिला आठवडा, रात्री वादळी पाऊस झालेला. गॅलरीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी एका कोपऱ्यात सैल होऊन लोंबत होती आणि त्या सैल भागात पहाटे एक वटवाघूळ गुरफटलेलं दिसलं. ओलं, तपकिरी, मूठभर.

वॉचमन झाडू घेऊन वर आला. शेजारच्यांनी निपाहचं नाव काढलं. २०१८ साली कोझिकोडमध्ये निपाहचा उद्रेक झाल्यापासून वटवाघूळ दिसलं की हा शब्द येतोच, आणि मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्यापासून तो आपल्याकडचाच विषय झाला आहे. भीती सगळीच खोटी नाही. कुठलंही वटवाघूळ उघड्या हाताने धरू नये, आणि चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरकडे जावं. पण झाडूने हाणायला गेलं तरच चावा बसण्याची शक्यता वाढते, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात येत नाही.

त्या घरात अकरावी सायन्सला असलेली मुलगी होती म्हणून पुढचं सगळं घडलं. “काका, झाडू नको, ते अडकलंय,” म्हणून तिने वॉचमनला थांबवलं, फोटो काढले आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. वनरक्षक आले, त्यांच्यासोबत आमच्या बचाव गटातले दोघं. चामडी हातमोजे घालून, लहान कात्रीने नायलॉनचा एकेक दोर कापून त्याला सोडवलं. पंखाच्या पडद्याला कडेला लहानशी चीर होती, हाडं शाबूत होती. पशुवैद्यांनी सांगितलं की संध्याकाळपर्यंत अंधारात आराम, पाणी, आणि मग सुटका.

म्हणजे हातात फक्त दुपार होती. वनरक्षकांशी बोलून काय करायचं ते आधीच ठरवलं : मापं घ्यायची, ठरलेल्या कोनांतून फोटो काढायचे, बाकी काही नाही. नमुना म्हणून ठेवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. ओटोमॉप्स असेल तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, आणि नसेल तरी त्याला घरी जायचंच होतं.

ते नाव कुठून आलं

मुलीने नाव हवेतून काढलेलं नव्हतं. तिने तिची कारणं मला मुद्देसूद सांगितली, तीही ऐकून घेण्यासारखी होती.

पहिलं, शेपटी. बहुतेक वटवाघळांची शेपटी मागच्या पायांमधल्या पडद्यात बांधलेली असते, याची अर्धीअधिक शेपटी पडद्याच्या कडेबाहेर मोकळी होती. दुसरं, कान. फोटोत ते डोळ्यांवर पुढे झुकलेले आणि चेहऱ्याच्या मानाने प्रचंड दिसत होते. तिसरं कारण सर्वांत चांगलं होतं. “ताई, ही वटवाघळं मला ऐकू येतात. रात्री गच्चीवर टिक टिक येतं, बाबांना येत नाही.” बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांचा आवाज माणसाच्या कानाच्या पट्टीबाहेर, वीस किलोहर्ट्झच्या बराच वर असतो. ओटोमॉप्सचा त्याखाली असतो, माणसाला ऐकू येईल इतका. तिने हे वाचलं होतं.

आणि नकाशाही तिच्या बाजूने होता. ओटोमॉप्स रॉटनीचं वर्णन ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली केलं, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण चालू होतं त्या काळात. त्या सर्वेक्षणात मोठा वाटा असलेले वनअधिकारी रॉटन यांचं नाव त्याला मिळालं. ज्या बारापेडे गुहेतून ते मिळालं ती बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळ, आजच्या भीमगड अभयारण्यात आहे. नंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगात ही एवढी एकच वसाहत माहीत होती. २००० सालाच्या आगेमागे एकदम मेघालय आणि कंबोडिया अशा दोन ठिकाणी ते सापडलं. २०१४ मध्ये मेघालयातल्या नव्या वसाहती आणि तिथे होणारी वीण यांबद्दल लेख प्रसिद्ध झाला.

सह्याद्री आणि मेघालय यांच्या मध्ये केवढं अंतर आहे ते नकाशा उघडून बघावं. जो प्राणी एका गुहेतून उठून थेट तिकडे सापडतो, तो त्याच सह्याद्रीच्या रांगेने चारशेहून थोड्या जास्त किलोमीटरवर ठाण्यात का असू नये? लांब, अरुंद पंखांची ही वटवाघळं उंचावरून वेगाने उडतात, एका रात्रीत बराच पल्ला मारतात. शोधणारे कमी म्हणून नोंदी कमी, हेही खरंच. त्यामुळे ‘इथे असूच शकत नाही’ असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. ‘असू शकतं’ आणि ‘हे तेच आहे’ यांच्यामध्ये मात्र बारीक मापं घेणारा एक व्हर्नियर कॅलिपर असतो.

आमच्याच गटातल्या एकाने उलट बाजूचा धाकही घातला. सलीम अलींच्या नावाच्या फळभक्षी वटवाघळाचं काय झालं ते आठवा, म्हणाला. १९४८ साली अँगस हटन यांनी ते तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत मिळवलं आणि ते नेहमीच्या आखूड नाकाच्या फळभक्षी वटवाघळाच्या नावाने मुंबईच्या संग्रहात जमा झालं. १९७२ मध्ये थायलंडच्या किट्टी थोंगलोंग्या यांनी ते नुसतं नवी जात (स्पीशीज) नव्हे, तर नवी प्रजाती (जीनस) म्हणून प्रसिद्ध केलं. चोवीस वर्षं ते चुकीच्या नावाने राहिलं, कारण बघणाऱ्यांनी ‘नेहमीचंच’ असं धरलं होतं. मुद्दा बिनतोड होता. पण त्यातून निघतं एवढंच की नेहमीचं नावही पुराव्याशिवाय देऊ नये. थोंगलोंग्यांनीही अंदाज केला नव्हता, कवटी आणि दात तपासले होते.

शेपटीपासून सुरुवात

आपल्याकडे शेपटी बाहेर दिसणारी वटवाघळं अनेक कुळांत आहेत, म्हणून सुरुवात तिथून केली. कान्हेरीसारख्या लेण्यांत, जुन्या किल्ल्यांत दिसणारी टॅफोझोस गटातली वटवाघळं असती तर शेपटीचं टोक पडद्याच्या मधूनच, वरच्या बाजूने बाहेर आलेलं दिसलं असतं. उंदराच्या शेपटीचं ऱ्हायनोपोमा असतं तर शेपटी जवळजवळ शरीराइतकी लांब आणि दोऱ्यासारखी बारीक असती, पडदा नावापुरता. आमच्या पाहुण्याची शेपटी जाडसर होती आणि पडद्याच्या काठातून सरळ पुढे निघत होती. वरच्या ओठावर उभ्या सुरकुत्या, पायाच्या बोटांवर लांब राठ केस. कूळ मोलोसिडी, मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांचं. इथपर्यंत मुलगी अगदी बरोबर होती.

या कुळातले तीन उमेदवार समोर ठेवले : ओटोमॉप्स रॉटनी, सुरकुतलेल्या ओठांचं कीरेफॉन प्लिकाटस आणि टॅडारिडा इजिप्टियाका. आणि मग कॅलिपर घेतला.

वटवाघळांच्या ओळखीत सर्वांत भरवशाचं बाहेरचं माप म्हणजे फोरआर्म, पंख मिटलेला असताना कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी. वजन खाण्यावर बदलतं, अंगाची लांबी ताणण्यावर बदलते, रंग उजेडावर. हाड तसंच राहतं. ओटोमॉप्सचा फोरआर्म ६३ ते ६७ मिलिमीटर असतो. टॅडारिडाचा साधारण ४६ ते ५२. दोघांमध्ये सेंटीमीटरभराची रिकामी जागा आहे, कुठेही एकमेकांत मिसळत नाहीत. आमच्या प्राण्याचा फोरआर्म ४९.३ भरला. दुसऱ्या हाताचाही जवळपास तेवढाच.

खरं तर इथेच निकाल लागायला हवा होता. पण मुलीने विचारलं, “ताई, पिल्लू असलं तर?”

दुपारभरातला सर्वांत चांगला प्रश्न हाच. वाढ पूर्ण न झालेल्या ओटोमॉप्सचं हाड आखूड भरू शकतं, आणि जून हा अशी पिल्लं हवेत दिसण्याचा काळ नसतोच असं छातीठोक सांगता येत नाही. वय बघायची रीत सोपी आहे. पंख हलकेच उघडायचा आणि मागून टॉर्चचा उजेड पाडायचा. पिल्लाच्या बोटांच्या सांध्यांपाशी कूर्चेचा भाग उजेडात पारदर्शक पट्टीसारखा दिसतो, सांधा लांबट आणि एकसारखा निमुळता वाटतो. मोठ्याचे सांधे गाठीसारखे गोल, घट्ट आणि अपारदर्शक असतात. आमच्या प्राण्याचे सगळे सांधे गाठाळलेले होते. दातांची टोकंही थोडी झिजलेली दिसत होती. पूर्ण वाढलेलं, कदाचित बऱ्याच पावसाळ्यांचं.

म्हणजे ओटोमॉप्स गेलं. राहिलं कीरेफॉन, आणि तिथे फोरआर्म कामाचा नाही, कारण त्याची मापं टॅडारिडाच्या मापांना भिडतात. तिथे कान लागतात. कीरेफॉनचे दोन्ही कान कपाळावर कातडीच्या पट्टीने जोडलेले असतात. ओटोमॉप्सचेही कान नाकाडावर पुढपर्यंत येऊन जोडलेले असतात, आणि तीस मिलिमीटरहून लांब असतात. हा तपशील आधीच्या एकाही फोटोत नव्हता, कारण सगळे फोटो समोरून होते आणि पुढे झुकलेल्या कानांनी कपाळ झाकलं होतं. वरून, नाकाच्या रेषेत फोटो घेतला आणि ओलसर केस रंगाच्या ब्रशने बाजूला सारले. दोन्ही कानांची मुळं जवळ आलेली, पण मध्ये केसाळ जागा स्वच्छ मोकळी. पट्टी नाही. कानाची लांबी १९ मिलिमीटर. मानेवर-खांद्यांवर ओटोमॉप्सची ओळख असलेला फिकट करडा पट्टाही नाही, पाठ सगळीकडून एकसारखी तपकिरी.

टॅडारिडा इजिप्टियाका. इजिप्तमधल्या नमुन्यावरून १८१८ साली वर्णन झालेली, आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारत-श्रीलंकेपर्यंत पसरलेली जात, आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘कमी चिंतेची’ म्हणून नोंदलेली.

मग फोटोत कान एवढे मोठे का दिसले? मोबाइलची वाइड लेन्स वीतभर अंतरावर नेली की जे पुढे आहे ते फुगतं आणि मागचं आक्रसतं. सेल्फीत नाक जसं येतं तसंच. या वटवाघळाचे कान पुढे झुकलेले असतात, त्यामुळे लेन्सला तेच सर्वांत जवळ सापडतात. शेजारी पट्टी ठेवली असती तर पहिल्याच फोटोने अर्धं काम केलं असतं. तेव्हापासून आमच्या गटाच्या संदेशात एक ओळ वाढली आहे : हात न लावता, शक्य असेल तर वरून आणि बाजूने, जवळ एखादं नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा.

ऐकू येणाऱ्या आवाजाचंही असंच. टॅडारिडाचा आवाज वीस किलोहर्ट्झच्या आसपास फिरतो. सोळा-सतरा वर्षांच्या कानाला त्याचा खालचा भाग ऐकू येऊ शकतो, चाळिशी ओलांडलेल्या बाबांना येत नाही, आणि मला तर मुळीच नाही. तिचं निरीक्षण खरं होतं. फक्त त्यातून एकच जात निघत नव्हती.

सुटका संध्याकाळी गच्चीवरून केली. ही वटवाघळं सपाट फरशीवरून सहसा उठू शकत नाहीत. अरुंद पंखांना वेग लागतो आणि वेगासाठी आधी खाली पडायला उंची लागते. कठड्यावर धरलेल्या खरखरीत टॉवेलवरून ते थोडं वर सरकलं, झेपावलं, मजला-दोन मजले खाली गेलं आणि मग डोंगराच्या बाजूने वळलं.

सेक्रेटरींचा प्रश्न

मी लिफ्टपाशी उभी असताना सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, एक विचारू? रेअर निघालं असतं तर आम्ही बोर्ड लावला असता. आता साधंच आहे म्हणता, मग ती फट फोमने भरून टाकायला हरकत नाही ना?”

फट म्हणजे इमारतीच्या दोन विंगांमधला एक्स्पान्शन जॉइंट. त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याच्या छज्जावर काळ्या लेंड्यांचा थर होता. त्या पालीच्या असतील असं सगळे धरून चालले होते. पालीच्या लेंडीला टोकाला पांढरा ठिपका असतो. या पूर्ण काळ्या होत्या, आणि काडीने चुरल्या की किड्यांच्या कवचांचे चकचकीत तुकडे सुटत होते. खडकाच्या कपारीत राहणाऱ्या प्राण्याला त्या फटीत आणि कड्यात फार फरक जाणवत नसावा. जाळीत सापडलेलं वटवाघूळ वादळात लांबून भरकटत आलेलं नव्हतं, याच इमारतीत राहणारं असण्याची शक्यता जास्त.

सेक्रेटरींचा राग आला नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं, एवढंच. दुर्मिळतेच्या बातम्या आम्हीच इतक्या हौसेने पसरवतो की उरलेल्यांना जगायचा हक्क नाही असा अर्थ लोकांनी काढला तर नवल नाही. मी त्यांना व्यवहाराचं बोलले. जूनमध्ये फट बुजवली तर आत पिल्लं असू शकतात, ती मरतील आणि वास वरच्या तीन मजल्यांना येईल. मोठी वटवाघळं बाहेर अडकून गॅलऱ्यांत शिरतील. बंद करायचीच असेल तर पावसाळ्यानंतर, बाहेर पडता येईल पण आत येता येणार नाही अशी झडप काही रात्री लावून, वनविभागाला कळवून करा. तोवर छज्जावर प्लास्टिक अंथरा, झाडणाऱ्या माणसाला मास्क द्या आणि थर झाडण्याआधी त्यावर पाणी शिंपडायला सांगा. आणि मुख्य म्हणजे कबुतरांच्या जाळ्या ताणून घ्या, सैल जाळीतच पक्षी आणि वटवाघळं गुरफटतात.

मीटिंगमध्ये बराच वाद झाला असं कळलं. किडे खाणारं वटवाघूळ आहे, डास कमी होतील, असंही कोणीतरी म्हणालं. त्यावर मी फार जोर दिला नाही. ही उंचावर उडणारी वटवाघळं आहेत, त्यांच्या खाण्यात भुंगे आणि पतंगांसारखे मोठे किडे बरेच असतात. डासांचं आश्वासन देऊन आपण त्यांना इमारतीत ठेवलं आणि डास तसेच राहिले, तर पुढच्या वर्षी आपलं कोण ऐकेल? शेवटी फोमचा निर्णय दिवाळीनंतरवर गेला.

एक न लावलेलं नाव

सोसायटीच्या परवानगीने गच्चीच्या पाण्याच्या टाकीजवळ अल्ट्रासाउंड टिपणारा लहान रेकॉर्डर ठेवला. वटवाघूळ कोणतं ते ठरलं होतं, पण वर आणखी कोण उडतं ते बघायचं होतं. फायलींत अपेक्षेप्रमाणे वीस-बावीस किलोहर्ट्झचे लांबट, जवळजवळ सपाट आवाज भरपूर होते. मात्र एका रात्रीच्या फायलीत काही आवाज सोळापर्यंत उतरलेले दिसले. मुलीला तो आलेख दाखवला तेव्हा तिने माझ्याकडे फक्त बघितलं.

२०१५ मध्ये भारतातल्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांच्या आवाजांवर, ओटोमॉप्ससह, एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. त्यामुळे ताडून बघायला आधार आहे. अडचण वेगळी आहे. ही वटवाघळं उघड्या आकाशात गेली की आवाज खाली आणतात आणि लांबवतात, भिंतीजवळ आली की वर नेतात. तीच टॅडारिडा इमारतीपासून दूर उंच गेली तर तिचा आवाज ओटोमॉप्सच्या बाजूला सरकतो. सोळाचे ते आवाज थोडे होते, अंतराने आलेले होते आणि त्यांच्या मागे-पुढे वीसचे होते. एकच प्राणी जवळ येऊन लांब गेला असं त्याचं सरळ उत्तर निघतं. पण सरळ उत्तर सिद्ध झालेलं नसतं, आणि फायलीला मी टॅडारिडाचं नावही दिलं नाही. तिच्यावर ‘मोलोसिडी, जात अनिश्चित’ असं लिहिलं आहे. सोबत तारीख, उंची, वारा आणि रेकॉर्डरची सेटिंग.

मुलीने विचारलं, ही पाटी बदलायला काय लागेल? लागेल ते असं : वीसचा लवलेश नसलेले, सोळाच्या खालचे आवाज, सलग आणि लांबलचक, वेगवेगळ्या रात्री, उघड्यावर. मग ते कुठल्या दिशेने येतात याचा माग, येऊरपासून पारसिकपर्यंतच्या कपारींचा आणि जुन्या खाणींच्या कड्यांचा. मग वनविभागाच्या परवानगीने हातात आलेला एक प्राणी आणि त्याचा साठच्या वरचा फोरआर्म. पावसाच्या आवाजात रेकॉर्डर निरुपयोगी होतो, म्हणून तो आता काढून ठेवला आहे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा लावायचं तिने आणि मी ठरवलं आहे, यंदा तिच्या गच्चीवर एक आणि डोंगराच्या पायथ्याशी एक.